वरच्या बाकावरचा डॅशबोर्ड

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. पण शेजारच्या कालेर्वोकाकांनी ते गावभर केलंच आहे, आणि तेही चुकीचं. निदान खरं तरी लिहावं.

आईला ओउलू शहरात नोकरी लागली होती. गाडी धड असली तर दर शुक्रवारी घरी येईन, नाहीतर तिथेच राहीन, असं तिने सांगितलं होतं. गाडी तिच्या वडिलांची, जुनी, पण चालायची झकास. फक्त डॅशबोर्डचे दिवे गेले होते, आणि आमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच अंधार होतो. वेग दिसणार कसा? आई म्हणाली, गॅरेजला दे. बाबा म्हणाले, दोन बल्बांसाठी गॅरेज? (कागदाची गिरणी बंद पडून ते घरी बसल्यापासून ‘गॅरेज’ हा शब्द त्यांना टोमण्यासारखा लागतो.)

काम मात्र त्यांनी सुरेख केलं. ओरखडा उठू नये म्हणून लग्नात आलेली, लोणी लावायची लाकडी सुरी घेतली. त्या सुरीने काट्यांभोवतीची प्लास्टिकची चौकट अलगद उचकटली, मागच्या तारा सोडवल्या, मीटरचा डबा बाहेर काढला, बल्ब बदलले. एक खुंटीसुद्धा तुटली नाही. इथेच थांबले असते तर आज आई घरी असती.

पण परत बसवताना त्यांना आठवलं, की गारठलेलं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. ते आधी उबवायला हवं. शनिवार असल्यामुळे अंगणातला सॉना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, दर आठवड्यासारखा तापलेलाच होता. बाबांनी चौकट आणि डबा सॉनातल्या वरच्या बाकावर ठेवला आणि क्षणभर टेकले. तेवढ्यात कालेर्वोकाका नेहमीप्रमाणे टॉवेल घेऊन आले.

सॉनातून आधी उठेल तो हरला, हा त्या दोघांचा जुना हट्ट. बोलायचंही नाही. तिघे ओळीने बसले: काका, बाबा आणि डॅशबोर्ड. काकांनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. मग बाबांनी. मग पुन्हा काकांनी. पहिली हार डॅशबोर्डने मानली.

चौकट जिभेसारखी बाकाखाली लोंबली. डब्याची काच सुरकुतली आणि वेगाच्या काट्याने मान टाकली.

“तुला दिसलं नाही?” बाबांनी बाहेर आल्यावर विचारलं.

“दिसलं ना,” काका म्हणाले. “पण सॉनात कुणी वाद घालतं का?”

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “वेयो, मी तुझ्याकडे फक्त दिवे मागितले होते,” ती म्हणाली.

बाबांनी घाईघाईने तो डबा तारांना जोडून तिला दाखवला. दिवे लख्ख लागले. त्या उजेडात वाकडा काटा फारच स्पष्ट दिसला. आई बसने गेली.

तेव्हापासून ती आलेली नाही. बाबा मात्र दर शुक्रवारी सॉना तापवतात. बसने येणारं माणूस गारठलेलं असतं, म्हणतात. आज त्यांना नवा उपाय सुचला आहे. जे उष्णतेने वाकलं, ते उष्णतेनेच सरळ होणार. चौकटीवर वजन म्हणून काकांना बसवायचं. मात्र वेळेवर ‘उठा’ म्हणून ओरडायला कुणीतरी बोलणारं हवं, म्हणून मला नेमलं आहे. (वर्गातली माझी हजेरी पहिल्या बाकालाही ऐकू जात नाही.) हा बेत आईला फोनवर सांग, असं बाबांनी मला सांगितलं होतं. ती हसली का, असंही त्यांनी नंतर विचारलं. मी हो म्हणाले. पण खरं तर मी ‘सॉना’ म्हणताच तिने फो— आले, बाबा, आले