उलटं पीस

एका जंगलात, मुलांनो, आभाळसुद्धा वाटून दिलेलं होतं. टेकडीवरचं आभाळ शिकाऊ पाखरांचं. तळ्यावरचं आभाळ सगळ्यांचं. पण ससाण्यांची कवायत असली की ते फक्त ससाण्यांचं. ससाणा वरून सुटला की त्याला मध्येच थांबता येत नाही. म्हणून त्या दिवशी तिकडे कोणी फिरकायचं नाही.

कवायत कधी आहे, हे एकट्या धनेशरावांना ठाऊक असे. धनेशराव म्हणजे धनेश पक्षी. सावरीच्या शेंड्यावर बसून ते उडायची परवानगी देत. त्यांची चोच एवढी मोठी होती, की तिच्यातून निघालेला कुठलाही शब्द मोठाच वाटे.

रीत अगदी साधी होती. धनेशराव परवानगी सांगत. पाखरू ती म्हणून दाखवी. धनेशराव ते ऐकून "बरोबर" म्हणत. मगच पंख उघडायचे. ही रीत शिकवायला कोण होतं, सांगा पाहू? अर्थात पोपटगुरुजी.

त्याच सावरीच्या खालच्या फांदीवर बुलबुलांचं घरटं होतं. त्यात आई, थोरला सावळा आणि धाकटा गुंड्या. गुंड्याला अजून पिसं फुटली नव्हती, पण तोंड फुटलं होतं.

"दादा, तळ्यावरून कसं दिसतं रे?"

"तुझ्या डोक्यासारखं. गुळगुळीत."

सावळ्याची ती सातवी फेरी होती. आधीच्या सहाही दिवशी तळ्यावरून वळून यायचीच परवानगी मिळाली होती. त्या दिवशी ससाण्यांची कवायत होती.

"टेकडीपर्यंत जा," धनेशराव वरून म्हणाले. "तिथूनच मागे फिर. तळ्यावर जायचं नाही."

सावळ्याच्या जिभेला मात्र सहा दिवसांचं वळण पडलं होतं. तो म्हणाला, "टेकडीपर्यंत जातो. तळ्यावरून वळून परत येतो."

धनेशरावांनी एक उंबर हवेत उडवलं, झेललं आणि गिळलं. "बरोबर," ते म्हणाले.

घरट्यातून गुंड्या ओरडला, "दादा, नाही! ते नाही म्हणालेत!"

पण सावळा उडाला होता. परत आलं ते त्याच्या शेपटीखालचं एक लाल पीस. तेही वाऱ्यानं आणलं.

महाराजांनी चौकशी समिती नेमली. महाराज म्हणजे गरुड. समितीत कासव, साळिंदर आणि घूस. आभाळाशी यांचा काहीच संबंध नाही, म्हणजे हे निःपक्षपाती, असं महाराज म्हणाले.

गुंड्या साक्षीला उभा राहिला. "मी ऐकलं! दादा चुकीचं बोलला आणि हे बरोबर म्हणाले!"

कासवानं मान बाहेर काढली. "बाळ, तुला पंख फुटलेत का?"

"नाही."

"मग आभाळाच्या गोष्टीत तुझी साक्ष चालत नाही."

"मग तुम्हाला तरी कुठं फुटलेत?"

हे मात्र समितीनं लगेच लिहून घेतलं. 'कुटुंब उद्धट आहे.'

निकाल असा लागला. शिष्य चुकीचं बोलला. धनेशरावांनी त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणाऱ्याचा दोष कसा असेल?

त्या जंगलात गुन्हेगाराचं पीस सावरीच्या बुंध्यावर उलटं टांगत. सावळ्याचं लाल पीस तिथं टांगलं. आई त्या दिवसापासून घरट्यात यायला मागून वळसा घेऊ लागली.

गुंड्याला एकच ध्यास लागला. ते पीस खाली काढायचं. त्यासाठी कोणीतरी एकदा तरी कबूल करायला हवं होतं, की "बरोबर" कोण म्हणालं.

त्याला पिसं फुटली. पहिल्या उड्डाणाचा दिवस आला. त्या दिवशी वार्षिक समारंभ होता. समोरच्या खडकावर स्वतः महाराज बसले होते.

"बेटा, शांतपणे म्हण," पोपटगुरुजी कुजबुजले. "शांतपणे म्हण."

"गुरुजी, तुम्ही एकदाच सांगितलं तरी मला कळतं."

वरून धनेशरावांचा आवाज आला. "टेकडीपर्यंत जा. तिथूनच मागे फिर. तळ्यावर जायचं नाही."

गुंड्यानं छाती फुगवली. सगळ्या जंगलाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "टेकडीपर्यंत जातो. येताना महाराजांच्या डोक्यावर बसतो. मग धनेशरावांची सगळी उंबरं खातो!"



एक उंबर हवेत उडालं. चोचीत पडलं. "बरोबर," धनेशराव म्हणाले.

परवानगी मिळाली होती. गुंड्या उडाला, टेकडीला वळसा घालून आला आणि महाराजांच्या डोक्यावर बसला.

"अरे! कोणाच्या परवानगीनं?" महाराज गरजले.

"विचारा ना. सगळ्यांनी ऐकलंय. बरोबर कोण म्हणालं?"

सगळ्या माना वर गेल्या. मग एकेक करून खाली आल्या. पोपटगुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा काही आठवेना.

पुन्हा समिती बसली. पुन्हा कासव. या वेळी निकाल चटकन लागला, कारण डोकं महाराजांचं होतं. "बरोबर" म्हणण्याच्या कामाचा धनेशरावांवर फार ताण पडतो, असं समितीला आढळलं. म्हणून यापुढे त्यांनी काहीही म्हणू नये. ते गप्प राहिले, म्हणजे बरोबर.

आणि गुंड्याचं उडणं जन्मभर बंद. त्याचंही पीस उलटं टांगायचं.

शिपाई कावळे आले. गुंड्यानं स्वतःच चोचीनं शेपटीखालचं लाल पीस उपटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पीस उपटल्यामुळे, असं त्यानं कावळ्यांना सांगितलं.

"कुठं बांधू?" कावळ्यानं विचारलं.

"दादाच्या शेजारी. आणखी जवळ. हां."

वारा आला की ती दोन पिसं एकमेकांना लागत, गिरकी घेत आणि क्षणभर दोन्ही सुलटी होत. तेवढं बघायला आई आता पुढच्या वाटेनं येते.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांनी सांगितलेलं नीट ऐकावं आणि नीट म्हणून दाखवावं. मोठ्यांनी ते ऐकावं, असा हट्ट धरू नये. त्यांच्या तोंडात उंबर असतं. आणि चूक करायचीच असेल, तर राजाच्या डोक्यावर करावी. तळ्यावर केलेली चूक फक्त आईला दिसते.