तिसरा गिअर आणि दसऱ्यापर्यंतची गॅरंटी

गाडीच्या बाबतीत मला फसवणारा माणूस अजून मावळात जन्माला यायचाय! हे मी लोणावळ्याच्या जीप स्टँडवर रोज चहा पिताना सांगतो. बाकीचे ड्रायव्हर मान डोलावतात, कारण चहा माझ्याकडून असतो.

माझी जीप सोळा वर्षांची. पर्यटकांना भाजे, कार्ला आणि लोहगडाचा पायथा दाखवून दाखवून तिला आता रस्ता माझ्याहून जास्त पाठ झालाय. तर यंदा ऐन अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर तिचा गिअरबॉक्स बसला. आतून असा आवाज यायला लागला, जणू कुणीतरी डब्यात खिळे घालून हलवतंय.

बायको म्हणाली, "अहो, पुण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या."

"मंगल, कंपनीवाले जुनं दुरुस्त करत नाहीत, नवीन गळ्यात मारतात! कामशेतचा जानू मिस्त्री जुन्याचा नवा गिअरबॉक्स बांधून देतो. आणि वर लेखी गॅरंटी!"

जानू मिस्त्री म्हणजे मोठं प्रस्थ. सदरा ग्रीसचा, मिशी तेलाची. चार दिवसांत त्यानं गिअरबॉक्स बांधला आणि पावतीच्या मागे 'सहा महिने' असं लिहायला लागला. मी त्याचा हात धरला.

"महिने नकोत, मिस्त्री. महिने मोजत कोण बसतंय? आणि नंतर तुम्ही तिथीनं मोजणार, मी तारखेनं. सरळ लिहा, 'दसऱ्याला दिवस मावळेपर्यंत'."

मिस्त्रीनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मला वाटलं, माझ्या हुशारीनं गार झाला!

"दसरा? बगा बरं, संदीपभाऊ. तुमीच सांगताय."

"मीच सांगतोय! लिहा!"

त्यानं लिहिलं. मी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि दोन दिवस स्टँडवर सगळ्यांना दाखवली.

पंधराव्या दिवशी खंडाळ्याच्या उतारावर 'खट्' असा आवाज झाला. तिसऱ्या गिअरचा दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला, इंजिन बोंबललं आणि जीप मोकळी सुटली! मी ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. शेजारी मंगल बसली होती. ती खंडाळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जाते, रोज सकाळी मीच सोडतो.

"हा नवा गिअरबॉक्स?" ती म्हणाली.

"अजून बसायचाय. नवीन चप्पल नाही का चावत?"

पण तो काही बसेना. उतार लागला, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की 'खट्'! शेवटी मंगल तिसऱ्या गिअरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायला लागली. ती नसली की पुढे बसलेल्या पर्यटकाला मी म्हणायचो, "साहेब, जरा हा दांडा धरता?" साहेबांना आधी ती गंमत वाटायची. मग पहिला उतार यायचा आणि साहेब देवाचं नाव घ्यायचे. ठाण्याच्या एका पोरीनं माझी रील काढली. तिच्याखाली तिनं काय लिहिलं होतं ते मंगलनं मला वाचून दाखवलं नाही.

मी जीप घेऊन कामशेतला गेलो. मिस्त्रीनं चालवून पाहिली. गॅरेजपासून रेल्वे फाटकापर्यंत आणि परत. रस्ता परातीसारखा सपाट!

"पळतीय की मस्त! काय झालंय तिला?"

"मिस्त्री, उतारावर सुटतो."

"मंग उतारावर तिसरा टाकू नगा."

"मग काय टाकू?"

"दुसरा टाका. चौथा टाका. तिसराच पायजे ह्यो हट्ट कशापायी?"

मी पिशवीतून पावती काढली. त्यानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "ग्यारंटी ग्येरबॉक्सची हाय. हाताची न्हाई. तुमचा हात जड हाय."

सोळा वर्षांत माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं! त्यानंतर मी पाच वेळा गेलो. एकदा तो म्हणाला, ऑइल बाहेरचं टाकलंय. ऑइल त्यानंच टाकलं होतं! एकदा म्हणाला, तुम्ही भाताची पोती वाहिलीत. एकदा तर माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी बारीक व्हा, गाडीवर लोड येतोय."

हे सगळं मी हसत सोसलं असतं. पण भाद्रपदात खंडाळ्याच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरनं मला बोलावलं. पाहुण्यांची ने-आण, बारा महिन्यांचं काम! पाऊस गेला की आम्ही स्टँडवर माशा मारतो हो. मंगलनं दुसऱ्याच्या चुलीवर किती वर्षं घाम गाळायचा? काम मिळालं तर ती घरीच डबे सुरू करणार होती, भांडीसुद्धा बघून आली होती. मॅनेजरची अट एकच. "दसरा झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाडी गेटवर आणा. मी स्वतः बसून बघणार. नाही आवडली तर पवनला सांगेन." पवन म्हणजे आमच्याच स्टँडवरचा. त्याची जीप नवीकोरी. तो माझा चहा पितो आणि माझ्याच गाडीकडे बघून हसतो.

आता मिस्त्रीला उतारावर आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. महिनाभर हातापाया पडल्यावर तो एकदाचा खंडाळ्याला यायला तयार झाला. म्हणाला, "चालवनार मी. साक्षीला कोनबी आना."

साक्षीला मी माझ्या सासूबाईंना आणलं. झुंबरबाई, मुक्काम वडिवळे. त्या साक्ष द्यायला लागल्या की समोरचा गुन्हा कबूल करून मोकळा होतो, अशी त्यांची ख्याती. त्या पुढे बसल्या, मी मागे. मिस्त्रीनं तिसरा टाकला, उतार आला, पाय उचलला. मी कान टवकारले.

काही नाही!

दुसरा उतार. काही नाही! मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसला. तिसऱ्या उताराला त्यानं मुद्दाम गाडीला हिसका दिला. तिसरा गिअर खुंटीसारखा जागच्या जागी!

"बगा, संदीपभाऊ! मी म्हन्लं न्हवतं, हाताचा दोष हाय?"

मिस्त्री गाडीतून उतरून बसनं कामशेतला गेला. मी डोक्याला हात लावून बसलो. सासूबाई मात्र खुशीत होत्या. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "जावाईबापू, परक्या मान्सापुढं तुमची शोभा हू दिली न्हाई म्या! मंगलनं सांगितलं हुतं, दांडा सुटतोय. लुगड्याखालनं गुडघा असा लावून धरला, जरासुदिक हलू दिला न्हाई!"

जावयाची अब्रू त्यांनी गुडघ्यानं राखली होती!

त्यानंतर मिस्त्री फोन उचलेना. आणि बघता बघता नवरात्र संपत आलं. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी जीप थेट त्याच्या गॅरेजच्या दारात नेऊन उभी केली. म्हटलं, अजून दोन दिवस आहेत, आता पळून कुठं जाशील!

मिस्त्री पळाला नव्हता. पांढराशुभ्र सदरा घालून, कपाळाला गंध लावून दारात उभा होता. आत गॅरेज धुऊन काढलेलं. सतरंजीवर पाने, हातोडे, जॅक, सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. प्रत्येकाला कुंकवाचं बोट, प्रत्येकावर झेंडूचं फूल.

"या, संदीपभाऊ! परसाद घ्या."

"मिस्त्री, गिअरबॉक्स!"

"आज? आवो, खंडेनवमी! हत्यारं पूजंला बसल्याती. आज पान्याला हात लावत्यात व्हय?"

"मग उद्या."

"उद्या दसरा."

"मग परवा!"

मिस्त्रीनं हात जोडले. "परवा ग्यारंटी संपली."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्षय्य तृतीयेला पावती लिहिताना हा माझ्याकडे तसा का बघत होता! अख्ख्या वर्षात ज्या दोन दिवशी मावळातला एकही मिस्त्री पान्याला शिवत नाही, नेमके तेच दोन दिवस मी हट्टानं, हात धरून, गॅरंटीच्या शेवटाला लिहून घेतले होते. लहानपणापासून मी स्वतः घरातल्या विळीची पूजा करत आलोय हो!

"बरं, हत्यार नका उचलू. नुसतं लिहून द्या, की गाडी आज आणली होती."

"पावतीपुस्तक पूजंला बसलंय." त्यानं बोट दाखवलं. पावतीपुस्तकावर नारळ होता.

"माझ्या कागदावर लिहा!"

"पेनबी तितंच हाय."

"माझं पेन घ्या!"

"तुमी पेन पूजलं न्हाई?" मिस्त्रीनं असं काही बघितलं की मीच खजील झालो आणि प्रसाद घेऊन परत आलो.

दसऱ्याला मी कुणाशी धड बोललो नाही. जीपला हार घातला तोही वाकडा. चार वाजता दारात हाक आली, "संदीपभाऊ, हाय का घरात?"

बघतो तर जानू मिस्त्री! बरोबर त्याची बायको सरुबाई. तिची बहीण आमच्या खंडाळ्यात दिली आहे, तिच्याकडं सोनं द्यायला आले होते.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!" मिस्त्रीनं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि मला कडकडून मिठी मारली. दसऱ्याला दारात सोनं घेऊन आलेल्या माणसाशी भांडायचं कसं? मी दात ओठ खात हसलो. त्यानं चार पुरणपोळ्या खाल्ल्या. गिअरबॉक्सचं नावसुद्धा काढलं नाही!

निघताना मंगल अगदी गोड आवाजात म्हणाली, "वहिनी, बसला आज गर्दी असेल. हे सोडतील की कामशेतपर्यंत."

मी मंगलकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. दिवस मावळायला अजून तासभर होता!

सरुबाई पुढे बसल्या, मिस्त्री मागे. कामशेतचा रस्ता डावीकडे होता, मी उजवीकडे घाटाच्या अंगाला वळलो.

"कुटं निगालाव?" मिस्त्री दचकला.

"वहिनींना दरी दाखवतो! सणाचा दिवस आहे!"

उतार आला. तिसरा टाकला. पाय उचलला.

'खट्!'

"सुटला!" मी ओरडलो. पोरगा बोर्डात आला तरी मी एवढा ओरडलो नसतो! "वहिनी, बघा! सुटला!"

सरुबाईंनी एका हातानं दार धरलं, दुसऱ्यानं मंगळसूत्र. "आगं आई! ब्रेक लावा आदी! काय वो, ही गाडी कुनी बांधलीय?"

मिस्त्री मागे दरीकडे बघायला लागला.

"मी काय इचारते? तुमी बांधलीय?"

"व्हय," मिस्त्री पुटपुटला.

"आन बायकूला तिच्यात बशिवलं? मला मारायचं हाय? हातात सोनं हाय तुमच्या, बोला आत्ता हितंच! कदी करून देताव?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. आपट्याची पानं मुठीत धरून तो म्हणाला, "उद्या सकाळी उतरीवतो. पैसा घेनार न्हाई. तिसरा ग्येर परत सुटनार न्हाई. सुटला तर मिशी काढीन!"

दिवस अजून मावळायचा होता. मी जिंकलो! कामशेतपर्यंत मी गाणं म्हणत गेलो आणि सरुबाईंनी वाटेत दोनदा 'हळू चालवा' म्हटलं तरी मला राग आला नाही.

मिस्त्रीनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला जीप माझ्या ताब्यात दिली. नऊला मी आणि मंगल कामशेतहून निघालो. पहिला, दुसरा, तिसरा! काय बसला होता! कार्ल्याच्या पुढे एक छोटा उतार आला. मी पाय उचलला. दांडा हलला नाही. मंगलनं हात मांडीवर ठेवले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही!

लोणावळ्याच्या बाजारात गर्दी लागली म्हणून दुसरा टाकायला गेलो.

दांडा हलला नाही.

ओढला, ढकलला. मंगलनं दोन्ही हातांनी ओढला. तिसरा गिअर आता सुटत नव्हता, म्हणजे कशानंच सुटत नव्हता! क्लच दाबत, हॉर्न मारत, चिक्कीची पिशवी हातात घेऊन रस्ता ओलांडणाऱ्यांची माफी मागत मी बाजार पार केला. थांबायची सोय नव्हती. थांबलेली गाडी सपाटीवर तिसऱ्यात कशीबशी उचलली असती, चढावर नाव नको. आणि रिसॉर्टचं गेट भर चढावर!

मंगलनं मिस्त्रीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मिस्त्री!" मी ओरडलो. "तिसरा निघत नाही!"

"सुटतोय का?"

"नाही!"

"मंग? सुटनार न्हाई अशी ग्यारंटी दिलती. निघंल अशी कुटं दिलती?"

बरोबर दहाला मी गेटवर पोचलो. मॅनेजर उभा होता. मी हात केला, "साहेब, आलोच!" आणि पुढे निघून गेलो. गावाला वळसा घालून पुन्हा आलो. त्यानं हात केला, मीही केला. तिसऱ्या फेरीला तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. ब्रेक दाबावाच लागला. जीप एक आचका देऊन बरोबर गेटच्या तोंडात बंद पडली.

"गाडी आत घ्या," मॅनेजर म्हणाला.

"आत येणार नाही, साहेब."

"मग बाजूला घ्या."

"बाजूलाही होणार नाही."

त्यानं जीपकडे पाहिलं. मग मंगलकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. दहा मिनिटांत पवन आला.

माणूस वाईट नाही हो तो. त्याला पाहुण्यांना कार्ल्याला न्यायचंच होतं, तिथून कामशेत पुढे थोडंच. त्यानं माझ्या जीपला दोर बांधला आणि ओढत नेलं. गिअर तिसऱ्यात अडकलेला, म्हणून अख्खा रस्ता मी क्लच दाबून बसलो. डाव्या पायाला मुंग्या आल्या. पुढच्या जीपमध्ये रिसॉर्टचे पहिले पाहुणे बसले होते. त्यांची मुलं मागच्या काचेतून आम्हाला हात करत होती.

लहान मुलं होती. मीही हात केला.