खरखर परत टाक!

आंजी गावच्या बापूजींनी तरुणपणी भरलेल्या भजनाच्या कॅसेटवरून त्यांचा मुलगा आदेश सीडी करत होता. पेनड्राइव्हवर देऊ म्हटलं तर बापूजी बिघडले. "पेनड्राइव्हवर माहा फोटो कुठी छापशीन?" रविवारी भजन मंडळात प्रकाशन होतं, तेही बापूजींचे जिवलग मित्र आणि मंडळाचे खंजेरीवाले मधुकरराव यांच्या हस्ते. सीडी तिथंच मोठ्या स्पीकरवर वाजणार होती.

आदेशनं कॉम्प्युटरवर सगळी खरखर पुसली. शनिवारी बापूजी ऐटीत ऐकायला बसले. आवाज इतका लख्ख, की श्वाससुद्धा ऐकू यावा. एका कडव्यानंतर खंजेरी थांबली आणि मधुकररावांची कुजबुज स्वच्छ ऐकू आली. "बाप्या लय बेसूर गाते गा. पण चहा फक्कड पाजते!"

आदेशच्या आईनं, कोकिळाबाईंनी तोंडाला पदर लावला. बापूजींचा चेहरा पडला. "अन् तोंडावर जनमभर वाहवा करून राह्यला!"

"कापून टाकतो ना, बाबा."

पण त्या कुजबुजीवरच बापूजींनी पुढचं कडवं उचललं होतं. ती कापली की कडव्याचं तोंड उडत होतं.

बापूजींना फार लागलं. पण घटकाभरानं त्यांना मित्राचीच काळजी वाटू लागली. "साऱ्या गावासमोर मधुकरची मान खाली जाईन. मंग तो आपल्या घरी पाय नाई ठेवणार. आदेश, खरखर परत टाक!"

"कुठून टाकू? कॅसेटची फीत तर प्लेअरनं खाल्ली, अन् खरखरीची फाइल मीच पुसली."

कोकिळाबाई उठल्या. तेल तापवलं, कांदाभजी सोडली. आदेशनं कढईशी मोबाइल धरला आणि तो चुरचुराट भजनावर चढवला. एका घाण्यात भागेना, म्हणून आणखी तळली. कुजबुज बुडाली आणि भजी तिघांनी संपवली.

रविवारी सीडी ऐकताना मधुकररावांनी डोळे पुसले. "याले म्हणते जुना आवाज! खरखर कशी गोड हाय!" बापूजींचा जीव भांड्यात पडला.

मग आग्रह झाला म्हणून बापूजी प्रत्यक्ष गायला बसले. मधुकररावांनी खंजेरी घेतली. कडवं संपताच ते शेजाऱ्याच्या कानाशी लागले. "अजूनई तसाच बेसूर गाते गा. पण असा दोस्त नाई भेटत."

त्यांच्या गुडघ्याशीच आदेशचा मोबाइल पुढच्या सीडीसाठी रेकॉर्डिंग करत होता. आणि या वेळी कोणी भजी तळत नव्हतं.