सासरेबुवांची पाटलोण काबीज केल्याची हकीकत

लढाया दोन जातीच्या. एक तरवारीची, दुसरी कपाटापुढची. पहिलीत मनुष्य एकदाच पडतो, दुसरीत दर शनिवारी. पैकी दुसऱ्या जातीच्या एका मोहिमेचा वृत्तांत, जैसा घडला तैसा, पदरचे तिखटमीठ न लाविता, लाविलेच तर चिमूटभर, येथे लिहिला आहे. थोरांनी चित्त द्यावे आणि ज्यांस घरी बायको आहे त्यांनी अंमळ अधिक द्यावे.

राजश्री भिंगराव, चष्म्याच्या दुकानाचे खासे धनी, नजर तपासण्यात मोठे वाकबगार. त्यांचे कुटुंब, बाईसाहेब, इस्पितळात लोकांचे आखडलेले खांदे सोडविण्याच्या कामावर नामजाद. त्यांस स्विंग नाचाचा शौक जडला. जुन्या बँडच्या उसळत्या तालावर जोडीने गिरक्या घ्याव्या, पाय झाडावे आणि घामाघूम होऊन हसावे, ऐसा तो नाच. दर शनिवारी शाळेच्या हॉलात मंडळी जमत, आणि आजोबांच्या ऐन ज्वानीतले रोजचे कपडे घालोन नाचत, आणि बाईसाहेब परक्या जोडीदारांसंगे नाचत, आणि भिंगराव भिंतीलगत खुर्ची टाकोन सकळ स्त्रियांच्या पर्सा सांभाळीत. हुद्दा मोठा इतबाराचा. वास्तविक घरी, ओट्याशेजारी, बाईसाहेबांनी त्यांस नाच शिकविला होता आणि तो त्यांस बरा येतही होता. परंतु हॉलात पाऊल पडताच रावांचे धैर्य सुटे, मग ‘माझ्याकडं तसे कपडे कुठायत’ या सबबीआड दडी मारोन बसत.

ऐसे वर्ष लोटले. मग एके सकाळी चहा गाळता गाळता बाईसाहेबांचा हुकूम सुटला की, “हे बघा, या शनिवारी पहिला नाच तुमच्याबरोबर. बसायचं असलं तर खुशाल बसा. पण मग मी पुन्हा विचारणार नाही.” आवाज काडीमात्र चढविला नाही. चढल्या आवाजाची रावांस सवय होती, या शांत हुकुमाने मात्र चहा तैसाच टाकोन खासा स्वारी नाचाचे कपडे घ्यावयास बाजारी निघाली.

तेथे रावांची चूक जाहली, आणि ती चष्मेवाल्यासच साजेल ऐसी होती. गिऱ्हाइकास आरशापुढे बसवावे, मान सरळ, हालचाल नाही, नाकावर बसले, कानावर टेकले, की काम फत्ते, हा त्यांचा उभ्या हयातीचा शिरस्ता. त्याच शिरस्त्याने त्यांनी जाड लोकरीचा कोट, जाकीट आणि आवळ पाटलोण ऐसा सरंजाम अंगावर चढविला, आणि आरशापुढे श्वास रोखोन उभे ठाकले. दुकानदार वदला, “साहेब, जणू तुमच्याच मापाचा.” राव हलले असते तर तेथेच उलगडा होता. ते हलले नाहीत.

घरी रंगीत तालीम मांडिली. गडी डावा हात उंचावी आणि बाई त्याखालोन गिरकी घेई, हा या नाचाचा मुख्य पवित्रा. रावांनी हात उचलिला, तो खांदा जागचा हलेना, आणि कोपर बाईसाहेबांच्या कपाळी बसले, आणि पाय झाडिला तो घोटाभर उचलोन परत आला.

“अहो, नाचायचंय. फोटो काढायचा नाहीये.” बाईसाहेब कपाळ चोळीत बोलिल्या. “इस्पितळात असा खांदा आला तर आठवडाभर मी त्याला सोडत नाही. तेव्हाचे रोजचे कपडे ढगळच असायचे. बाबांची ती पँट बघा ना.”

राव खिडकीशी धावले. समोरच्या गच्चीत सासरेबुवा कुंड्यांस पाणी घालीत होते, आणि बेंबीच्याही वर चढलेली, पुढे चुण्यांची, घोट्याशी ऐसपैस पाटलोण गॅलिसांनी खांद्यास टांगोन, पोलो सदऱ्याच्या बाह्या दुमडोन, तरुणपणी जैसे उभे असत तैसेच उभे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. रावांनी लागलीच मोर्चा वळविला. कुंड्यांची तारीफ केली, गुडघेदुखीची पुसतपास केली, मग हळूच पाटलोणीचा विषय काढिला.

“जावईबापू, घड्याळ मागा, देतो,” सासरेबुवांनी फर्माविले. “ही अंगावरची आहे.”

मामला नासणार, तो आतोन कुमक आली. सासूबाई, ज्यांनी त्या पाटलोणीची फडकी करावी म्हणोन हरप्रयत्न करोन हात टेकिले होते, जावयास सामील जाहल्या. मग तह ठरला. लोकरी सरंजाम सासऱ्यांस द्यावा, पाटलोण गॅलिसांसुद्धा जावयाने न्यावी. वरकड कलम सासरेबुवांनी हट्टाने घातले की, “माझी पँट कुठं जाते ते मी बघणार.” सबब सासू-सासरे उभयतांनी हॉलात येणे.

शनिवार उगवला. पाटलोण कमरेस दोन बोटे सैल, ती गॅलिसांनी तोलोन धरिली. बँडने पहिले गाणे उचलिले आणि रावांचे पाय, सवयीचे गुलाम, थेट खुर्चीकडे वळले. पाहतात तो खुर्चीवर सासरेबुवा, कोटाने ताठ, मांडीवर पर्सांचा ढीग. माघारीची वाट बंद. मागे बाईसाहेब हात पुढे करोन उभ्या, आणि त्या हसत नव्हत्या, वाट पाहत होत्या.

मग रावांनी तो हात धरिला, आणि आपला डावा वर नेला, आणि तो गेला, आणि बाईसाहेब त्याखालोन भिंगरीसारख्या निघाल्या, आणि पाटलोण फडफडली, आणि आत खोचलेला सदरा बाहेर निघाला नाही, आणि मध्येच पाऊल चुकले, तो रावांसच हसू फुटले, आणि बाईसाहेब हसल्या, आणि पुढील गाणे कधी सुरू जाहले याची उभयतांस शुद्ध राहिली नाही. बाईसाहेब धापा टाकीत म्हणाल्या, “एवढं येत होतं, तर वर्षभर पर्सा कसल्या धरत बसलात?” रावांनी त्यांस आणखी एक गिरकी दिली. आनंद मायंदाळ होता.

इतक्यात सासूबाई, ज्या सारा वेळ पायाने ताल धरोन होत्या, उठोन आल्या आणि जावयापुढे फर्मान ठेविले की, “पुढच्या शनिवारी ती पँट परत पाहिजे. यांना घेऊन मी नाचणार आहे.”

भिंगरावांचे तोंड उतरले. त्यांनी बाईसाहेबांकडे पाहिले.

“घरच्या पायजम्यात या,” बाईसाहेब बोलिल्या. “पण या.”

सारांश, पाटलोण आली तैसी गेली, आणि मुलूख हाती राहिला. तेव्हापासोन त्या हॉलात भिंतीलगतची खुर्ची रिकामी असते आणि पर्सा जमिनीवर पडतात, हे सत्य जाणोन येथे नोंदिले.