भुईवरील झुंजीची पोथी आणि हैबतरावांची सोडवणूक

"सूनबाई, पोथीचें पुढलें पान वेळेआधीं उलटूं नये. अध्याय एक, दिवस एक. मागलें पान मात्र शंभरदां उलटावें, त्यास दोष नाहीं," ऐसें थोरल्या मातोश्री देवघरांत बसोन सांगत असत, त्या वचनास आणि डोंगराई देवीस दंडवत घालोन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, माघमासीं, एका मुलुखीं (नांव लिहिलें तर शेजारी रुसतात) श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत होते. नांव हैबत, परंतु गादीवर मांजर निजलें असेल तर आपण जमिनीवर बसणारे धनी. त्यांच्या आणि पलीकडील शिदोजीरावांच्या हद्दीवर डोंगराईचें ठाणें, आणि चैत्री जत्रेस देवीची पहिली ओटी कोणाच्या घरची, हा तंटा दोन पिढ्यांचा. दर बारा वर्षीं दोहीं धन्यांनी कुस्ती करावी, जिंकेल त्याची पहिली ओटी, ऐसी चाल. थोरल्या मातोश्रींनी छत्तीस वर्षें पहिली ओटी भरिली, आणि जातेसमयीं लेकाचा हात धरोन म्हणाल्या, "बाळा, ओटीचा मान जाऊं देऊं नकोस." महाराज म्हणाले, "नाहीं जाऊं देत, आई." इतकें बोलोन अडकले.

या खेपेस दोघांही धन्यांची पन्नाशी उलटली होती आणि गुडघे उभ्या कुस्तीस रुजू होईनात. दोहींकडील वैद्यांनी एकच सांगितलें, उभें राहोन जोर नको. मग वकील बसले, पानसुपारी जाहली, आणि ठरलें कीं उभें राहणें मना असेल, लोळणें तर मना नाहीं; सबब झुंज भुईवर पडोन व्हावी, पाठ टेकल्यास हार धरूं नये, जो मुखानें अथवा हातानें आधीं झुंज सोडील तो हरला, आणि हरेल त्यानें जत्रेचे दुसरे दिवसापासोन एकेचाळीस दिवस देवीस तळ्याचें पाणी स्वहस्तें वाहावें. ऐसें लढावें कैसें, हें मात्र कोणास ठाऊक नव्हतें, कारण आमच्या मुलुखीं पाठीस माती लागली कीं मल्ल पागोटें उचलोन घरीं जातो. मग सेनापति सटवोजी यांनी शोध लाविला कीं समुद्रापलीकडे ब्राझील म्हणोन देश आहे, तेथील लोक पाठीवर निजोनच लढाई आरंभितात, आणि त्या विद्येचें सचित्र पुस्तक मिळतें. पुस्तक टपालानें आलें. टोपीकरांचीं अक्षरें एक राणीसाहेब द्वारकाबाईंसच लागत, आणि त्यांच्या हातीं पुस्तक पडलें म्हणजे त्याची पोथी होते. त्यांनी तें खणांत गुंडाळलें, चौरंगावर ठेविलें, हळदकुंकू वाहिलें, आणि पहिल्या पानावर चित्र नाहीं, नुसतीं अक्षरेंच आहेत, तर जागा मोकळीच म्हणोन तेथें डोंगराईची तसबीर खळीनें चिकटविली. अध्याय सात निघाले, तेव्हां सप्ताह धरिला. राणीसाहेबांनी स्नान करोन सोवळ्यानें वाचावें आणि महाराजांनी व सटवोजींनी समोर गाद्यांवर करोन दाखवावें, ऐसें ठरलें.

पहिले दिवशीं वाचलें कीं, पाठीवर निजावें, वैऱ्यास दोहों मांड्यांत घ्यावें आणि आपल्या पावलांची गांठ त्याचे पाठीमागें घालावी. महाराज म्हणाले, "निजावयाचें आम्हांस येतें, पुढलें वाचा." राणीसाहेब म्हणाल्या, "पुढलें उद्यां." दुसरे दिवशीं वाचलें कीं, वैरी उरावर बसला असतां कंबर उचलोन एका कुशीस व्हावें आणि, येथें राणीसाहेब थांबल्या, कारण त्या दिवशीं सोमवार आणि पुढें लिहिलें होतें कोळंबी. मग त्यांनी पदर सांवरोन वाचलें, "त्या एका जलचराप्रमाणें मागें सरकावें." सटवोजी म्हणाले, "बाईसाहेब, कोणतें जलचर? मासा का कांसव? सरकण्यांत फेर पडतो." राणीसाहेब म्हणाल्या, "तें तुम्ही मुदपाकखान्यांत विचारा, मला देवापुढें बोलवूं नका." आणि मग सेनापति विचारोन आले आणि दोघेही दिवसभर गादीवरोन मागें मागें सरकत राहिले, इतके कीं महाराज दरवाजाबाहेर गेले ते कारभाऱ्यांच्या पायांस लागोन थांबले.

तिसरे दिवशीं घात जाहला. अध्याय होता पायांच्या तिकोनी फांसाचा: खालच्यानें वरल्याची मान आणि एक हात मांड्यांत घ्यावा, एक पाय मानेवरोन न्यावा आणि तो दुसऱ्या गुडघ्यामागें अडकवावा. सटवोजी खालीं, महाराज वर. आरंभापूर्वीं महाराजांनी हुकूम केला कीं, "आम्ही सोड म्हणूं तेव्हांच सोडावें. आधीं सोडाल तर आमची शपथ आहे." सटवोजी एकवचनी माणूस. फांस उत्तम बसला. महाराजांचें मुख तांबडें जाहलें, परंतु श्वास चालत होता आणि बोलणेंही होत होतें, सबब ते बोलले, "शाबास सटवोजी. आतां हें सुटतें कैसें?" राणीसाहेबांनी पान पाहिलें आणि म्हणाल्या, "सुटका चौथे अध्यायीं आहे." "मग वाचा." "तो उद्यां आहे." महाराज म्हणाले, "अहो, मान अडकली आहे!" राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "दिसतें आहे मला. पण सासूबाईंस शब्द दिला आहे, पुढलें पान वेळेआधीं उलटणार नाहीं. आपणच सोड म्हणावें, म्हणजे सुटेल." महाराज म्हणाले, "तें होणें नाहीं. आज सटवोजीपुढें म्हटलें तर जिभेस वळण लागेल, चैत्रांत शिदोजीपुढेंही निसटेल, आणि ओटी गेली." आणि सटवोजी खालोन म्हणाले, "धनी, लौकर काय तें ठरावें, माझ्या मांडींत गोळा आला आहे." राणीसाहेब म्हणाल्या, "मग सोडा कीं, भाऊजी." "धन्यांची शपथ आहे ना, बाईसाहेब."

ऐसे तिघेही आपापल्या वचनास धरोन बसले. एक बसली आणि दोघे पडले, इतकाच फरक. प्रहर गेला. कारभारी कागद घेवोन आले, त्यांनी एकदां पाहिलें, दुसऱ्यांदा पाहिलें नाहीं, आणि महाराजांच्या मोकळ्या हातीं शिक्का दिला, तेथेंच तीन कागदांवर शिक्के जाहले. नैवेद्य जाहला, आणि राणीसाहेबांनी वरणभात कालवोन महाराजांस घांस भरविले, आणि वरण सटवोजींच्या पोटावर सांडलें तें पुसलें. परंतु पुसतां पुसतां त्यांच्या दृष्टीस पडलें कीं सेनापतींच्या डोळ्यांस पाणी आहे आणि महाराजांचे कान जांभळासारखे जाहले आहेत. मग राणीसाहेब पोथीपुढें बसल्या आणि मनांत मातोश्रींचें बोलणें आरंभापासोन शेवटपर्यंत आठवलें. पुढलें पान उलटूं नये. मागलें शंभरदां उलटावें.

तेव्हां त्यांनी पानें मागें नेलीं. दुसऱ्यांत नाहीं, पहिल्यांत नाहीं. राहिलें तें तसबिरीखालचें पान. राणीसाहेबांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "आई, तुला मींच तेथें बसविलें, आतां थोडी सरक," आणि ओल्या बोटानें खळ भिजवोन तसबीर सोडविली. खालीं लिहिलें होतें: हें शास्त्र शिकणारानें डाव शिकण्याआधीं एक शिकावें. दाब सोसेना तर समोरच्याच्या अंगावर हातानें दोनदां थापटावें आणि थापटतांच त्यानें सोडावें. यांत लाज नाहीं, यानेंच दोघे उद्यां पुन्हां खेळतात. आणि धरणारानें नेहमीं समोरच्याच्या मुखाकडे पाहावें. कित्येक मानी लोक थापटीत नाहींत, त्यांचें आपण ओळखावें.

मग महाराज म्हणाले, "मुखानें बोलावयाचें नाहीं ना? मग चालतें," आणि बाळास निजवितांना थापटावें तैसें सटवोजींच्या मांडीवर दोनदां थापटलें. सटवोजी म्हणाले, "पण शपथ?" राणीसाहेब म्हणाल्या, "पोथी शपथेच्या आधींची आहे, भाऊजी. सोडा." आणि फांस सुटला, आणि दोघेही उताणे पडोन घटकाभर छत पाहत राहिले. मग पुढलें पारायण यथासांग जाहलें, आणि सप्ताह एक जाहला तो पांच जाहले, आणि महाराज दिवसांतून चाळीसदां थापटूं लागले, आणि आश्चर्य हें कीं जितकें थापटलें तितकें अधिक शिकले.

नवें वर्ष क्रोधीनाम लागलें. चैत्र शुद्ध अष्टमीस तळ्याच्या वाळूंत झुंज मांडली. दोन्ही मुलुखांचे लोक लोटले होते, परंतु लढणारे भुईवर, सबब पुढल्या दोन रांगांखेरीज कोणास कांहीं दिसेना. मागचे विचारीत, "काय चाललें आहे?" पुढचे सांगत, "निजले आहेत." "कोण?" "दोघेही." शिदोजीराव हाडापेरानें दांडगे, ते वर बसोन म्हणाले, "काय हैबतराव, उशी आणवूं?" महाराज खालोन म्हणाले, "पांघरूण तेवढें जड आलें आहे, उशीचें मग पाहूं." आणि कंबर उचलोन त्या जलचराप्रमाणें सरकले आणि शिदोजीरावांचा हात दोहों मांड्यांत धरोन कोंपर उलटें केलें. सटवोजी ओरडले, "बसला! धनी, बसला!" आणि राणीसाहेबांनी ओटीचें तबक घट्ट धरिलें.

शिदोजीराव सोड म्हणेनात आणि थापटीनात, कारण त्यांस पोथी ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तरी थापटलें नसतें. महाराजांनी शास्त्राप्रमाणें त्यांच्या मुखाकडे पाहिलें. ओठ पांढरे, कानांची जांभळें, डोळ्यांत पाणी. महाराज हळूच म्हणाले, "शिदोजीराव, थापटा." "काय थापटा? डोळ्यांत वाळू गेली आहे." "अहो, हात मोडेल." "मोडूं द्या, माझा आहे." आणि कोंपरांत बारीक आवाज जाहला, तो त्या दोघांसच ऐकूं आला. छत्तीस वर्षांची ओटी महाराजांच्या मांड्यांत होती, बोटभर दाब राहिला होता. महाराजांनी डोळे मिटले, आणि हात सोडिला, आणि शिदोजीरावांच्या खांद्यावर दोनदां थापटलें.

गुरवानें कौल सांगितला कीं, हैबतरावांनी आधीं सोडिलें, हैबतराव हरले. सटवोजी वाळूंत बसोन रडले, "जिंकली होती हो, धनी!" शिदोजीराव कोंपर पोटाशीं धरोन म्हणाले, "कां सोडलेंत?" महाराज म्हणाले, "तुमच्यानें थापटवेना, म्हणोन आम्ही थापटलें. त्या हातानें आतां ओटीचें तबक नीट धरावें." जत्रेस शिदोजीरावांच्या घरची पहिली ओटी जाहली आणि द्वारकाबाईंची दुसरी. महाराज मान खालीं घालोन उभे होते, तेव्हां राणीसाहेब म्हणाल्या, "खण तोच, नारळ तोच. पुढें एक बाई उभी होती, इतकेंच." महाराज म्हणाले, "आईस दिलेला शब्द गेला." सायंकाळीं शिदोजीरावांचा जासूद आला कीं, एकेचाळीस दिवसांचें पाणी वाहणें माफ आहे, पायऱ्या बहात्तर आहेत, आपले गुडघे आम्ही जाणतों. महाराजांनी जासुदास गूळपाणी देवविलें आणि माफी परत पाठविली.

एवंच, पोथी आली, मान अडकली, मान सुटली, ओटी गेली, आणि शिदोजीरावांचा हात राहिला. लाभ किती आणि हानि किती, हें देवी जाणे. दुसरे दिवशीं झुंजुमुंजु होतांना राणीसाहेब तुळशीस प्रदक्षिणा घालीत होत्या, त्या पुऱ्या होईतों त्यांचें मौन असे. महाराजांनी दिंडी दरवाजा आवाज न करितां उघडिला, सटवोजी वाजंत्री घेवोन उभे होते त्यांस बोट दाखवोन गप्प केलें, तांब्याची कळशी खांद्यावर घेतली, आणि "चाळीस उरतील मग" इतकें आपल्याशींच बोलोन, एक गुडघा जपत, तळ्याची वाट चालूं लागले.