गायकवाड काकांचं डिझेल

गायकवाड काका समोरच्याचं नाव विचारायच्या आधी त्याची गाडी धुराच्या नियमांत बीएस-चार की बीएस-सहा ते विचारतात. आमच्या राजेंद्र नगरात कुणी नवा भाडेकरू आला, की त्याचं सामान उतरायच्या आत काका टेम्पोच्या सायलेन्सरशी वाकून धूर हुंगत असतात.

त्यांची स्वतःची डिझेल गाडी बरीच जुनी. तिच्या निमित्ताने त्यांनी जगभरचे धुराचे कायदे पाठ केलेत. सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन परतताना ते फाटकातच अडवतात.

"देखो भिया, दिल्लीत डिझेल गाडी दहा वर्षांत म्हातारी होते, आपल्या इंदूरमध्ये पंधरापर्यंत जवान. गाडी तीच, धूर तोच. मग बदललं काय?"

मला काय माहीत? मला ऑफिस गाठायचं असतं. पण दिल्ली संपली की काका युरोपात शिरतात, आणि तिथून त्यांना बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

गेल्या रविवारी आईला महूला मावशीकडे न्यायचं होतं आणि माझी गाडी गॅरेजात पडलेली. नाइलाजाने काकांना विचारलं. ते आनंदाने तयार झाले. वाटेत राऊ गावात डिझेल भरायला थांबले आणि पंपावरच्या माणसाला या डिझेलमध्ये गंधक किती, ते विचारत बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. मागे हॉर्न वाजत होते.

पुढे निघालो तोच काकांच्या मुलाचा जर्मनीहून फोन आला. काकांनी गाडी कडेला घेतली, स्पीकर लावला. त्याच्या शहरात जुन्या डिझेल गाड्यांना आत येऊ देतात का, फिल्टर कोणता लागतो, असं कितीतरी वेळ चाललं. मावशी जेवायची थांबली होती. मी दात-ओठ खात बसलो.

फोन संपल्यावर आईला राहवलं नाही. "भाऊजी, सूनबाईचे दिवस भरत आलेत ना? तिची साधी विचारपूस नाही केलीत?"

काकांनी चावी फिरवली, पण गाडी काढली नाही.

"वहिनी, तो तिकडेच राहणार म्हणाला तेव्हापासून घरचा विषय निघाला की आमचं भांडण होतं. मग महिना-महिना फोन नाही. डिझेलवर बोललं, तर दर रविवारी फोन करतो. त्याला विचारायला काहीतरी नवीन वाचून ठेवावं लागतं, बस."

काकांनी गाडी काढली. महू येईपर्यंत मीच काकांना विचारत राहिलो, जर्मनीत ट्रकला कायदा वेगळा असतो का.