मागच्या खांबावरचा आवाज

पाटोद्याला तानाजीच्या घरचा नवाकोरा टीव्ही मुका झाला, आणि तो केला हरिओमने. आता हरिओम पडला घरचा जावई, त्यात महिना धोंड्याचा. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, नवे कपडे करायचे आणि त्याने घरातली एखादी वस्तू मोडली, तर 'बरं झालं, जुनीच झालती' असं म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. हरिओमच्या जागी दुसरा कोणी असता तर तानाजीने त्याला बसस्टँडपर्यंत पिटाळत नेला असता.

हरिओमचंही एक दुखणं होतं. तो बीडला एका विनाअनुदानित शाळेत संगणक शिकवायचा. वर्षानुवर्षं 'पर्मनंट होईल, होईल' यावर जगत होता. शाळेत त्याला कुणी विचारत नसे. चहा आला की तो त्याच्यापुढून निघून जायचा. माणूस म्हणून त्याला जो काही मान होता तो फक्त इथे, सासुरवाडीत. इथे सासूबाई केसरबाई त्याला वेगळ्या कपातून चहा द्यायच्या, सासरे 'जावईबापू' म्हणून उठून बसायचे. हा मान गेला तर आपल्याकडे काहीच उरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इथे आला की काहीतरी हुशारी केल्याशिवाय राहायचा नाही.

सासरे म्हणजे सुंदरराव, सगळ्यांचे अण्णा. पूर्वी जिल्हा परिषदेत निवडून गेलेले, सभापतीही झालेले. गेल्या वर्षी त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार त्यांच्या मुलाने, तानाजीने, दणक्यात केला. मंडपवाल्या बंकटला त्याने बजावून सांगितलं होतं की रेकॉर्डिंग असं कर की टाळ्या चारी बाजूंनी ऐकू आल्या पाहिजेत. बंकट हौशी माणूस. त्याने स्टेजवर माइक लावले, कडेला लावले, आणि दोन माइक मंडपाच्या अगदी मागच्या खांबावर बांधले, आचाऱ्याच्या भट्टीजवळ. प्रत्येक माइकचा आवाज वेगळा साठवला. मग तानाजीने तेवढेच स्पीकर, आवाजाचा एक काळा डबा आणि टीव्हीला जोडायला छोटा कॉम्प्युटर घेतला. अण्णांना दुसरं काम उरलं नव्हतं. चहा झाला की ते स्वतःचं भाषण लावून बसत.

आजचा बेत मात्र तानाजीचा होता. धोंड्याच्या जेवणाचं निमित्त करून त्याने पक्षाचे तालुकाध्यक्ष अमरसिंह आणि सोसायटीचे माजी चेअरमन मोहनराव यांना बोलावलं होतं. आधी अण्णांचं भाषण दाखवायचं, अण्णा खुशीत आले की त्यांनी दोघांदेखत सांगायचं, येत्या निवडणुकीत आमच्याकडून तानाजी. निवडणूक लागणार लागणार म्हणून किती वर्षं गेली, पण लागली तर तयारी नको का?

हरिओम आदल्या दिवशीच वैष्णवीला, म्हणजे बायकोला, घेऊन आला होता. आल्या आल्या त्याच्या लक्षात आलं की त्या छोट्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम चोरीची आहे. झालं. चहा गार होईपर्यंत त्याने चोरीच्या मालावर भाषण दिलं आणि ती पुसून लिनक्स टाकलं. फुकट, कायदेशीर, जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. चित्र असं आलं की अण्णांच्या फेट्याची जर दिसायला लागली. आवाज मात्र कुठूनच येईना.

"एकाच वायरीतनं चित्र येतंय, मग आवाज कावून येत न्हाई?" केसरबाईंनी विचारलं.

प्रश्न इतका सरळ होता की हरिओमला त्याचं सरळ उत्तर देता येईना. वायर एकच असली तरी आवाजाचा ड्रायव्हर निराळा असतो, असं काहीतरी तो बोलला. तानाजीने हळूच सुचवलं की बंकटला बोलावू. वैष्णवीने त्याच्यावर डोळे वटारले. धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या हातचं काम काढून मंडपवाल्याला द्यायचं? मग तो म्हणाला की मोबाइलवर दाखवू. यावर अण्णाच नाराज झाले. तालुकाध्यक्षांनी आपल्याला तळहातावर बघायचं, हे त्यांना पटेना.

सकाळपासून हरिओम कॉम्प्युटरला चिकटला. कॉम्प्युटरला वाटत होतं की डब्याला दोनच स्पीकर आहेत. इंटरनेटवरच्या एका मंचावर त्याने गाऱ्हाणं टाकलं. कुठल्याशा देशातल्या कुणी उलट विचारलं, आवाजाच्या यंत्रांची यादी दाखव. ती दाखवली. मग म्हणे ड्रायव्हर नवा घाल. तो घातल्यावर चित्रही गेलं. ते परत आणण्यात जेवणाची वेळ जवळ आली. आत पुरण शिजून तयार होतं, आणि जावयाचं पान वाढता येत नव्हतं म्हणून सगळं घर उपाशी. भूक कोणी बोलून दाखवत नव्हतं, एवढंच.

शेवटी स्पीकर बोलले. त्यांची तपासणी करणाऱ्या कार्यक्रमात एक बाई असते, ती इंग्रजीत एकेका कोपऱ्याचं नाव घेते. पण हिचं गणित काही जुळेना. नावं फक्त मागच्या कोपऱ्यांतून यायची, आणि समोरच्या किंवा कडेच्या स्पीकरची पाळी आली की बाई गप. केसरबाई पदर सावरून सोफ्याच्या मागे बघून आल्या. ही बाई आली कुठून आणि तोंड का दाखवत नाही, असं त्यांनी वैष्णवीला विचारलं. समोरचे स्पीकर बंद आहेत हे हरिओमला कळत होतं. पण तेवढ्यात दारात गाडी थांबली. मागून का होईना, आवाज येतोय ना, असा विचार करून त्याने मागच्या स्पीकरांचा आवाज होता तेवढा मोठा केला. टाळ्या तर तिकडूनच यायच्या होत्या.

पाहुणे बसले. अण्णा फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसले. तानाजी दाराशी उभा राहिला. आणि हरिओमने बटन दाबलं.

पडद्यावर अण्णा माइकपुढे आले, हात जोडले, तोंड उघडलं. शब्द नाही. आधीच्या सिस्टीमवर सगळे माइक एकत्र कालवले जायचे आणि अण्णांच्या खणखणीत आवाजाखाली बाकी सगळं दबून जायचं. आज अण्णांचा आवाजच नव्हता. होतं ते फक्त मागच्या खांबावरचं. झाऱ्याचा आवाज, आचाऱ्याचं खाकरणं, आणि मग एक ओळखीचा सूर.

"हे म्हातारं आज जेवू देतंय का न्हाई? सभापती व्हतं तवाबी असंच. काम शून्य, भाषण लई."

सोफ्यावर मोहनरावांना एकाएकी ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. पडद्यावरचे अण्णा मूकपणे हात उंचावत होते. मागून अमरसिंहांचा आवाज आला. पक्षाला आता असली जुनी खोडं नकोत, शाल टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं ते कुणाला तरी समजावत होते. खोलीतले अमरसिंह पंख्याकडे बघू लागले.

तानाजीने झडप घालून रिमोट उचलला आणि आवाज कमी करायचं बटन दाबत राहिला. पण तो रिमोट टीव्हीचा. आवाज काळ्या डब्यातून येत होता, त्याला काय त्याचं. "दाजी, बंद करा ते," तो म्हणाला. हरिओमला त्या क्षणी दोनच गोष्टी कळत होत्या. एक, मागचे स्पीकर अप्रतिम चालतायत. दुसरी, सगळं घर त्याच्याकडे बघतंय. तो म्हणाला, थांबा जरा, आत्ताशी कुठं लागलंय.

आणि तानाजीचाच आवाज आला. अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"आण्णांचं आता काय ऱ्हायलंय. डोकं चालंना त्यांचं. हे शाल-नारळ उरकलं की घरी बसवतो. लाल दिव्याची गाडी न्हाई तर न्हाई, एक टीव्ही घेऊन देतो, बसतील बघत."

तानाजी वायर उपटायला टीव्हीमागे गेला. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"तानाजी, हात लावू नको. जावईबापूंनी मेहनतीनं लावलंय," ते म्हणाले.

पुढे जेवणं झाली. धोंडे कुणाच्या घशाखाली उतरले ते त्यांचं त्यांना माहीत. पान वाढलं होतं म्हणून माणसं बसली. ताक पिऊन झाल्यावर अण्णा अमरसिंहांना शांतपणे म्हणाले की निवडणूक लागली की फॉर्म मीच भरणार, डोकं जेवढं चालतंय तेवढ्यावर. अमरसिंहांनी ताबडतोब मान डोलावली. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता.

हरिओम एकटाच बीडला परतला, वैष्णवी माहेरी थांबली. वाटेत तो स्वतःवर चांगलाच खूश होता. चूक झाली खरी, पण अण्णांनी भरल्या घरात त्याच्या मेहनतीचं नाव घेतलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्या मंचावर उत्तर आलं. पुढच्या आणि कडेच्या स्पीकरांचा आवाज म्यूटच्या एका खुणेमुळे बंद राहिला होता. एका ओळीचं काम. हरिओम रविवारी पहिल्या एसटीने पाटोद्याला आला. घराबाहेर चपलाच चपला. आत अण्णा रुबाबात बसलेले, तानाजी त्यांच्या पायाला तेल लावत होता. गावातला एकेक माणूस चहाला बोलावला जात होता, आपापला आवाज ऐकून घाम पुसत निघत होता आणि जाताना अण्णांच्या पाया पडत होता.

हरिओमने सांगितलं की आता भाषणही ऐकू येईल, एकच ओळ बदलायची आहे.

"ऱ्हाऊ द्या, हरिओमराव," अण्णा म्हणाले. "समोरचं जल्मभर ऐकलं. मागचं आत्ता कुठं ऐकाय मिळतंय. तुमी बसा."

हरिओम बसला. समोरच्या सोफ्यावर वैष्णवी आधीच बसलेली होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. केसरबाई आतून आल्या त्या रिकाम्या हाताने. चहाचा तो वेगळा कप कुठे दिसत नव्हता. तेव्हा कुठे हरिओमला आठवलं की सत्काराच्या दिवशी शाळेतल्या शहादेवला त्याने जेवायला सोबत आणलं होतं, दोघं भट्टीजवळ खांबाला टेकून उभे होते, आणि या अडाण्यांच्या दारात आपण कशासाठी येतो, बायकोत तरी काय ठेवलंय, हे तो शहादेवला चांगलं खुलवून सांगत होता.

"आपण नंतर ऐकू की, अण्णा," तो म्हणाला.

अण्णांनी डब्याचा रिमोट उचलला. तो त्यांना आता बरोबर जमत होता.

"वैष्णवीनं दोनदा ऐकलं," ते म्हणाले. "तुमच्यासाठी परत लावतो, जावईबापू."